गुरुवार, जुमेरात, बिरेस्तार

आठवड्याच्या सातही वारांची नावे आकाशातल्या सात ज्योतींची आहेत आणि ती ठेवणारे लोक या ज्योतींना देव मानत होते. मराठीत ही गोष्ट उघड दिसते. रवी, सोम म्हणजे चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी यांच्यापुढे ‘वार’ जोडला की नाव तयार होते. इंग्रजीत ती थोडी झाकली गेली आहे. संडे सूर्याचा आणि मंडे चंद्राचा. मधले चार दिवस ख्रिस्ती होण्यापूर्वी अँग्लो-सॅक्सन लोक ज्यांना भजत त्या देवांचे: ट्यूजडे टीवचा, वेन्सडे वोडनचा, थर्सडे थुनोरचा म्हणजेच थॉरचा, फ्रायडे फ्रिग या देवीचा. सॅटर्डेला रोमनांचा सॅटर्न तसाच राहिला. या देवांची निवड रोमन देव पाहून झालेली आहे. मार्स युद्धाचा देव, म्हणून त्याच्या जागी युद्धाचा टीव आला. जुपिटर वीज फेकतो, म्हणून त्याच्या दिवशी गडगडाटाचा थॉर बसला. मार्स म्हणजे आपला मंगळ, मर्क्युरी म्हणजे बुध, जुपिटर म्हणजे गुरू, व्हीनस म्हणजे शुक्र. म्हणून पैठणला मंगळवार असतो तेव्हा लंडनच्या दिनदर्शिकेतही मंगळाचाच वार असतो. दोन्हीकडची नावे एकाच मुळाची आहेत.

छत्रपती संभाजीनगरात हे मूळ आणि त्याच्या फांद्या एकाच बाजारात ऐकू येतात. छावणीत दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. बैलजोडी घेऊन आलेला शेतकरी त्याला गुरुवारचा बाजार म्हणतो. जुन्या शहरातला दख्खनी बोलणारा व्यापारी त्याच दिवसाला जुमेरात म्हणतो. गोव्यातला कोकणी माणूस तिथे असेल तर त्याच्या तोंडी बिरेस्तार येईल. दिवस एकच, नावे तीन, आणि प्रत्येक नाव वेगळ्या वाटेने आलेले.

पंचांगाची पाच अंगे म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. यांत वार सगळ्यात सोपा, म्हणून तोच सगळ्यात जुना असावा असे वाटते. प्रत्यक्षात तिथी आणि नक्षत्र पुष्कळ जुनी आहेत आणि वार त्यांच्या मानाने नवा आहे. वेदांग ज्योतिषात वार नाहीत. वैदिक यज्ञकर्मात सहा दिवसांचा ‘षडह’ होता, सात दिवसांचा आठवडा नव्हता. पैठण ही सातवाहनांची राजधानी होती तेव्हा तिथल्या राजांचे व्यवहार वारावाचून चालत. नाशिकच्या पांडवलेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीचा लेख आहे. त्यात काळ दिला आहे तो असा: राज्याचे एकोणिसावे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, दिवस तेरावा. त्या दिवशी कोणता वार होता हे सांगण्याची सोयही नव्हती आणि गरजही नव्हती. अजिंठ्याच्या लेण्यांत राहणारे भिक्षू उपोसथाचे व्रत पाळत तेही चंद्राच्या कलांवरून, म्हणजे अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या पाहून. (अजिंठ्याच्या जिल्ह्यात एक गैरसमज वारंवार कानावर येतो, तो इथेच दूर केलेला बरा. बुधवारातला बुध हा चंद्राचा मुलगा मानला गेलेला ग्रह आहे. गौतम बुद्धांशी त्याचा संबंध नाही.)

भारतातल्या कोरीव लेखांत वार पहिल्यांदा निश्चितपणे दिसतो तो मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातील एरण येथे. गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळात मातृविष्णू आणि धन्यविष्णू या भावांनी तिथे विष्णूचा ध्वजस्तंभ उभारला. त्यावर गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि सुरगुरूचा दिवस असा काळ कोरला आहे. सुरगुरू म्हणजे देवांचा गुरू बृहस्पती. एकोणिसाव्या शतकात जे. एफ. फ्लीट गुप्तांचे लेख संपादित करत होते, तेव्हा गुप्त संवत नेमका कधी सुरू झाला हा मोठा वाद होता. लेखातली तिथी आणि वार एकाच दिवशी जुळतात असे साल शोधले तरच तो सुटणार होता. हे गणित एका मराठी माणसाने केले. कोकणातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३ ते १८९८) पेशाने शिक्षक होते. त्यांच्या हिशेबात तो दिवस २१ जून ४८४, गुरुवार असा निघाला आणि लेख खरा बोलत होता हे सिद्ध झाले. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी खोदली गेली ते हेच पाचवे शतक.

दीक्षितांचे १८९६ सालचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हे पुस्तक मराठीतल्या थोर ग्रंथांपैकी एक आहे. वेद आणि वेदांगे चाळून वार मूळचे या देशातले नव्हेत असा निष्कर्ष त्यांनी त्यात काढला. ते पंचांगावर श्रद्धेने काम करणारे गृहस्थ होते, तरीही पुरावा ज्या बाजूला गेला त्या बाजूला ते गेले. मराठी विद्वत्तेचा हा नमुना आजही डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे.

मग वार आले कुठून? सात ग्रहांना देव मानून त्यांच्या हालचाली लिहून ठेवण्याचे काम बाबिलोनियात शतकानुशतके चालले होते. दर सातवा दिवस विश्रांतीचा, ही रीत ज्यू लोकांची. पण त्यांनी दिवसांना देवांची नावे दिली नाहीत, नुसते आकडे दिले. ग्रीक ज्योतिषाने, बहुधा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, या दोन गोष्टींची सांगड घातली आणि तिथून सात ग्रहांचा आठवडा रोमन साम्राज्यात पसरला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत भिंतीवर या दिवसदेवांची यादी खरडलेली सापडली आहे.

या सगळ्यात खरी गंमत क्रमाची आहे. रवीनंतर सोम आणि सोमानंतर मंगळ का? ग्रहांचा हा क्रम अंतराचा नाही, तेजाचा नाही, आकाराचाही नाही. तो एका साध्या भागाकारातून आला आहे आणि कोणालाही बोटांवर मोजून पाहता येतो. प्राचीन ज्योतिषी ग्रह लावत ते वेगाप्रमाणे, सर्वांत मंद तो पहिला. शनीला आकाशाची एक फेरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, गुरूला सुमारे बारा, मंगळाला दोनाच्या आतबाहेर, सूर्याला एक वर्ष. त्यानंतर शुक्र, मग बुध आणि शेवटी सत्तावीस दिवसांत फिरून येणारा चंद्र. आता दिवसाचे चोवीस तास या क्रमाने एकेका ग्रहाला वाटून द्यायचे आणि पहिल्या तासाचा जो मालक तोच त्या दिवसाचा मालक, असे ठरवायचे. शनिवारचा पहिला तास शनीचा. सातांची पाळी तीनदा पूर्ण झाली की एकवीस तास होतात. बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला तास रवीचा, आणि शनिवारनंतर रविवार. रवीपासून तसेच मोजले की सोम येतो, सोमापासून मंगळ. दर वेळी दोन ग्रह सोडून तिसरा.

या तासाला संस्कृत ज्योतिषात ‘होरा’ म्हणतात आणि तो शब्द ग्रीक ‘होरा’च आहे, इंग्रजी ‘अवर’ही त्याच घराण्यातला. सहाव्या शतकातला वराहमिहिर दुसरी एक व्युत्पत्ती नोंदवतो: ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर काढले की होरा उरते. ती सुरेख आहे, पण शब्द आला ग्रीकांकडूनच. भारतीय घटिकांनीही हे गणित सुटते, हे मात्र सांगायला हवे. अहोरात्रीच्या साठ घटिका चंद्रापासून शनीकडे, म्हणजे उलट्या क्रमाने वाटल्या तर साठाला सातने भागून चार उरतात. चंद्रानंतर चार घरे पुढे गेले की मंगळ येतो. उत्तर तेच. त्यामुळे भारतातल्या गणितज्ञांना हा पाहुणा परका वाटला नाही. आर्यभटाने ४९९ साली लिहिलेल्या ग्रंथात वारांच्या मालकांचा हा नियम दिलेला आहे. इथून तो पूर्वेकडे गेला. बौद्ध आचार्य अमोघवज्र याने आठव्या शतकात चीनमध्ये तो नेला आणि जपानी माणूस आजही सूर्य, चंद्र, अग्नी, जल, काष्ठ, सुवर्ण, माती या नावांनी वार मोजतो. त्यांतला अग्नी म्हणजे मंगळ आणि काष्ठ म्हणजे गुरू. राहू आणि केतू नवग्रहांत आहेत, पण त्यांना वार मिळाला नाही. वारांची वाटणी झाली तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या सातांचीच मोजदाद होती.

‘आठवडा’ या मराठी शब्दात वेगळाच हिशेब आहे. दिवस सात, नाव आठाचे. बाजाराचा दिवस धरून पुढच्या बाजारापर्यंत मोजले की आठ होतात. “आठ दिवसांनी ये” असे म्हणणारा माणूस पुढच्या आठवड्यात त्याच वारी बोलावत असतो. रोमनांचीही मोजण्याची रीत अशीच होती. सात ग्रहांचे वार येण्यापूर्वी त्यांचा बाजार दर आठव्या दिवशी भरे आणि त्याचे नाव नवावरून पडलेले होते.

वार कधी बदलतो, हाही प्रश्न लहान नाही. इंग्रजी वार मध्यरात्री बदलतो, पंचांगातला सूर्योदयाला. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी, म्हणजे शनिवारी आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला साजरा होतो. जेधे शकावलीत मात्र त्यासाठी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी नोंद आहे. दोन्ही बरोबर आहेत. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका, म्हणजे बहात्तर मिनिटे रात्र उरली होती. मध्यरात्र उलटली असल्याने इंग्रजी हिशेबाने शनिवार लागला होता आणि सूर्य उगवायचा असल्याने पंचांगात शुक्रवारच चालू होता. ही बारकाई ठाऊक नसलेला वाचक एकाला चुकीचे ठरवून मोकळा होतो. जुन्या कागदांतला वार ‘इंदुवासर’, ‘भौमवासर’, ‘सौम्यवासर’, ‘भृगुवासर’, ‘मंदवासर’ असा लिहिलेला असतो. इंदू चंद्र, भौम मंगळ, सौम्य बुध, भृगू शुक्र आणि मंद म्हणजे संथ चालीचा शनी. मोडक जंत्री किंवा खरे जंत्री ही तारखांची कोष्टके उघडून तिथी आणि वार ताडून पाहिले की बनावट कागद बऱ्याचदा पकडला जातो.

इस्लामी रीतीत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. ‘जुमेरात’चा उगम इथे आहे: जुम्याची रात, म्हणजे गुरुवारचा सूर्य मावळताच सुरू होणारी शुक्रवारची रात्र. खुलताबादच्या दर्ग्यांत गुरुवारी गर्दी होते तिचे कारण हेच. ग्रहांचे देव मान्य नसलेल्या धर्मांनी वारांची नावे बदलण्याचा प्रयत्न केला, हे अरबी आणि फारसी नावांतून दिसते. अरबीत शुक्रवार हा जमण्याचा दिवस, ‘जुमुआ’, आणि रविवारपासून पुढचे वार आकड्यांचे. फारसीत शनिवार ‘शंबे’, म्हणजे ज्यूंचा सब्बाथ, आणि पुढे एक-शंबे, दो-शंबे. संभाजीनगरच्या मोहल्ल्यांतली नावे मात्र मिश्र राहिली. सोमवारला ‘पीर’ म्हणतात, गुरुवारला जुमेरात, शुक्रवारला जुमा, शनिवारला ‘हफ्ता’. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात. मराठीतला कर्जाचा हप्ता तोच. पण उरलेले तीन दिवस इतवार, मंगल आणि बुध हेच आहेत, आणि इतवार म्हणजे आदित्यवार. मशिदीकडे जाणाऱ्या माणसाच्या बोलण्यात आदित्य शतकानुशतके सुखाने नांदतो आहे.

ख्रिस्ती धर्माचा प्रयत्न याहून निकराचा होता. सहाव्या शतकात आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागाचा बिशप मार्टिन याने मार्स, मर्क्युरी, व्हीनस ही नावे ख्रिस्ती माणसाने घेऊ नयेत असे बजावले. पोर्तुगीजांनी ते ऐकले. त्यांच्या भाषेत सोमवार ‘दुसरा’, मंगळवार ‘तिसरा’, शुक्रवार ‘सहावा’ असे आकडेच उरले. पश्चिम युरोपच्या मोठ्या भाषांत एवढे झाडून साफ केलेले दुसरे उदाहरण नाही. हेच पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि १९६१ पर्यंत राहिले. देवळे पाडली गेली, माणसांची नावे बदलली, आडनावे बदलली. वारांची नावे तेवढी बदलली नाहीत. चर्चला जाणारा गोवेकर आजही आयतार, सोमार, मंगळार, बुधवार, बिरेस्तार, शुक्रार, शेनवार असेच म्हणतो. आयतार आदित्याचा आणि बिरेस्तार बृहस्पतीचा. म्हापशाचा प्रसिद्ध बाजार शुक्रवारी भरतो. मायदेशात जे नाव बिशपने पुसले तेच नाव पोर्तुगीज अंमलदार साडेचारशे वर्षे गोव्याच्या बाजारात ऐकत राहिले. भाषेची चिवट ताकद दाखवणारे याहून चांगले उदाहरण या भूमीत सापडणे कठीण आहे.

नावे टिकली ती बाजारामुळे. पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत. आजच्या बुधवार पेठेला औरंगजेबाच्या काळात मुहियाबाद म्हणत आणि गुरुवार पेठ आधी वेताळ पेठ होती; पेशवाईत वारांची नावे रूढ झाली. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली, तो शनिवारच होता. नागपुरात इतवारी, मंगळवारी, बुधवारी आहेत. ताजिकिस्तानची राजधानी दुशांबे हेही एका सोमवारच्या बाजाराचे नाव, दो-शंबे. संभाजीनगरची घडण वेगळी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवले आणि पुढे मुघल छावणीभोवती पुरे उभे राहिले. जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, बेगमपुरा यांना सरदारांची आणि राजघराण्याची नावे मिळाली. वाराला इथे वस्ती मिळाली नाही, बाजार मिळाला: जाफर गेटचा रविवारचा आणि छावणीचा गुरुवारचा.

महाराष्ट्राने या पाहुण्या ग्रहांना आपल्या देवांच्या हवाली केले. सोम म्हणजे चंद्र. चंद्र शंकराच्या माथ्यावर, म्हणून सोमवार शंकराचा, आणि श्रावणी सोमवारी वेरूळच्या घृष्णेश्वरापुढे रांग लागते. शनीच्या वारी मारुती आला. श्रावणात शुक्रवारी रात्री शहरातून निघालेले लोक वीस-पंचवीस किलोमीटर चालून पहाटे खुलताबादच्या भद्रा मारुतीपुढे उभे राहतात. रविवार खंडोबाचा, कारण तो मार्तंड भैरव आणि मार्तंड म्हणजे सूर्य. शहरालगतच्या सातारा गावात त्याचे जुने देऊळ आहे. शुक्र हा पुराणांत दैत्यांचा गुरू, पुरुष. तरी शुक्रवार महाराष्ट्रात जिवतीचा, लक्ष्मीचा, देवीचा. रोममध्ये तो व्हीनसचा आणि इंग्लंडात फ्रिगचा, म्हणजे तिकडेही देवीचाच.

दोन ग्रह मात्र स्वतःच्या रूपात घरात शिरले आहेत. श्रावणात भिंतीवर लावला जातो तो जिवतीचा कागद जवळून पाहावा. वर नृसिंह, मग कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये मुलांनी वेढलेल्या जिवत्या. सगळ्यात खालच्या चौकटीत दोन पुरुष आहेत, एक हत्तीवर आणि एक वाघावर. हत्तीवरचा बुध, वाघावरचा बृहस्पती. बुधवारी आणि गुरुवारी त्यांची कहाणी वाचली जाते. बाबिलोनच्या गच्च्यांवरून न्याहाळले गेलेले दोन ग्रह आघाडा-दुर्वांची माळ घालून मराठी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसले आहेत.

सुट्टीचा वारही असाच बदलत गेला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली सूर्याचा दिवस विश्रांतीचा ठरवला. मुंबईच्या गिरण्यांत रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे लढले. रविवार खंडोबाचा आहे, कामगारांना तो दिवस हवा, असे त्यांचे म्हणणे होते. १० जून १८९० रोजी ही सुट्टी मान्य झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तिथे सुट्टी शुक्रवारची. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आल्यावर संभाजीनगरच्या कचेऱ्यांनाही रविवार लागू झाला.

दिनदर्शिका अनेकदा दुरुस्त झाल्या. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा तारखा गाळल्या, तेव्हा ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. पण तो शुक्रवारच होता. तारीख तुटली, वार तुटला नाही. एरणच्या स्तंभावर कोरलेल्या गुरुवारपासून सात-सात दिवस मोजत आले की छावणीच्या येत्या बाजाराचा गुरुवार बिनचूक लागतो.